दीड मीटरची भिंत आणि ‘संवेदनशील’ असा शेरा

(कार्यकर्ता शिबिरात केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



मला ‘नागरिक म्हणून आपले हक्क’ असा विषय दिला आहे. विषय फार मोठा आहे. मी वकील नाही, प्राध्यापक नाही, सॉफ्टवेअरचं काम करणारा इंजिनिअर आहे. म्हणून संयोजकांच्या परवानगीने मी तो लहान करून घेतलाय. आज मी घरासमोरच्या कंपाउंड वॉलबद्दल बोलणार आहे.

तुम्ही हसलात ते बरोबर आहे. आपल्या शिबिरांत कलम १४ आणि १५ वर तास-दोन तास बोलणं होतं आणि ते व्हायलाच हवं. पण ही कलमं सामान्य माणसाच्या दारात येतात कुठून? सर्वोच्च न्यायालयातून फार थोड्यांच्या दारात येतात. बाकी सगळ्यांशी त्यांची गाठ पडते ती नगरपालिकेच्या बांधकाम विभागात, रेशनच्या दुकानात, नाही तर सिटी सर्व्हेच्या खिडकीवर. तिथे ती पाळली गेली तर आपल्याला समान हक्क आहेत. तिथे ती पाळली गेली नाहीत तर पाठ करून काय उपयोग?

मला एकच मुद्दा मांडायचा आहे. शेजाऱ्यांमध्ये भांडण होणं ही काही आपत्ती नाही. भिंत, पाणी, झाडाच्या फांद्या, गाडी लावायची जागा, यावरून माणसं भांडतातच. आपलं काम भांडण होऊच नये यासाठी धडपडण्याचं नाही. भांडण ज्या गोष्टीवरून आहे, तेवढंच ते राहील हे बघणं, हे आपलं काम आहे. दीड मीटरवरून भांडण असेल तर ते दीड मीटरचंच राहिलं पाहिजे.

आता आमच्याच घरचं उदाहरण सांगतो. शहराचं नाव घेत नाही, कारण असं कुठल्याही तालुक्याच्या गावात होऊ शकतं. माझे अब्बा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते. गल्लीत त्यांना सगळे ‘गुरुजी’ म्हणतात. नोकरदारांनी मिळून घेतलेल्या लेआउटमध्ये आमचा कोपऱ्यावरचा प्लॉट आहे. शेजारच्या प्लॉटवर अण्णा राहतात, तेही नोकरीतून निवृत्त. तीसेक वर्षं दोन्ही घरांच्या मध्ये आणि समोर तारेचं कुंपण आणि मेंदीची झुडपं होती. रस्त्यावर थरावर थर पडत गेले, रस्ता उंच झाला, अंगण खाली राहिलं. मोकाट कुत्री आणि डुकरं आत यायला लागली. मग अब्बांनी पक्की भिंत घालायचं ठरवलं. आराखडा काढणाऱ्याकडून नकाशा करून घेतला, अर्ज केला, नगरपालिकेची परवानगी आली. पाया खोदायला सुरुवात झाली आणि अण्णांनी लेखी हरकत घेतली.

हरकतीत तीन मुद्दे होते. एक, भिंतीची उंची जास्त आहे आणि त्यामुळे गाडी बाहेर काढताना कोपऱ्यावरून वळणारी वाहनं दिसणार नाहीत. दोन, भिंत आमच्या हद्दीत फूटभर येते. तीन, आमच्या अंगणातलं पावसाचं पाणी गुरुजींच्या पुढच्या अंगणातून गटाराला जातं, ते तुंबेल. तिन्ही मुद्दे सरळ होते. कुणाही शेजाऱ्याने घ्यावी अशीच हरकत होती.

पण आठवड्याच्या आत त्या अर्जाचा फोटो व्हॉट्सॲपच्या ग्रुपांवर फिरायला लागला. खाली कुणीतरी लिहिलं होतं, आज भिंत आहे, उद्या तिथे काय उभं राहील बघा. आमच्याकडच्या ग्रुपांवरही एक मेसेज फिरत होता, आपल्याच माणसाचं काम का अडवलं? मी पुण्यात होतो, मला दोन्ही आले. दोन्ही नीट वाचले तर लक्षात येतं की भिंतीची उंची दोन्हींमध्ये कुठेच नव्हती. त्या दोन मेसेजांवरून कुणालाही कळलं नसतं की भांडण नक्की कशावरून आहे.

मग दोन्ही घरी माणसं यायला लागली. अण्णांकडे काही तरुण गेले, म्हणाले, तुम्ही फक्त सांगा, आम्ही बघून घेतो. अब्बांकडेही काही जण आले, म्हणाले, गुरुजी, घाबरू नका, आम्ही पाठीशी आहोत. यातल्या एकानेही टेप आणला नव्हता.

नगरपालिकेने काय केलं? एका कर्मचाऱ्याने येऊन तोंडी सांगितलं, काम थांबवा. लेखी काही नाही. का थांबवायचं, किती दिवस, कुणाच्या आदेशाने, काही नाही. अब्बांनी काम थांबवलं. आमच्या वडीलधाऱ्यांचं म्हणणं होतं, जाऊ दे, आपलं कोण ऐकणार? हे वाक्य तुम्हीही घरात ऐकलं असेल. त्यामागे अनुभव आहे हे मला मान्य आहे. पण त्या वाक्याने ऑफिसचं काम फार सोपं होतं. विचारणारा कुणी नसला की लेखी आदेश काढायचीही गरज उरत नाही.

इथे माझ्या धंद्याची थोडी मदत झाली. आमच्याकडे कुणी ‘तुमचं सॉफ्टवेअर भंगार आहे’ असं लिहून पाठवलं तर त्यावर काम करता येत नाही. कुठलं बटण दाबलं, काय व्हायला हवं होतं, काय झालं, हे लिहिलं तरच दुरुस्ती होते. अण्णांची हरकत तशी लिहिलेली होती. तिच्यात मोजता येण्यासारख्या तीन गोष्टी होत्या. आम्ही त्या तीन वेगवेगळ्या कागदांवर काढल्या आणि एकेक बघायला घेतली.

पहिली उंची. मुंबई आणि काही क्षेत्रं सोडली तर राज्यात डिसेंबर २०२० पासून एकच बांधकाम नियमावली लागू आहे, एकत्रिकृत विकास नियंत्रण आणि प्रोत्साहन नियमावली. जमीन वेढणारी भिंत आणि कुंपण हेसुद्धा त्या नियमावलीत बांधकामच धरलं जातं. नियम असा आहे की समोरच्या रस्त्याच्या मध्यरेषेपासून मोजून भिंत जास्तीत जास्त १.५ मीटर. वरचा ०.९ मीटरचा भाग जाळीसारखा मोकळा ठेवला तर २.४ मीटरपर्यंत जाता येतं.

‘रस्त्याच्या मध्यरेषेपासून’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. अब्बा रस्त्यावरून मोजत होते, त्यांना भिंत पाच फूट दिसत होती. अण्णा आपल्या अंगणातून मोजत होते आणि अंगण रस्त्यापेक्षा दीड फूट खाली. त्यांच्या टेपवर साडेसहा फूट येत होतं. दोघेही खरं बोलत होते. दोघांना वाटत होतं की समोरचा खोटं बोलतोय.

पण प्लॉट कोपऱ्यावरचा असेल तर आणखी एक नियम आहे. जिथे दोन रस्ते मिळतात तिथून समोर आणि बाजूला १० मीटर लांबीपर्यंत भिंत फक्त ०.७५ मीटर उंच घालता येते. त्याच्यावर आणखी ०.७५ मीटर हवं असेल तर रेलिंगसारखं आरपार दिसणारं काम करायचं. वळणाऱ्या गाडीला आणि रस्ता ओलांडणाऱ्या माणसाला एकमेकांचं दिसावं म्हणून हा नियम आहे. आराखडा काढणाऱ्याने सगळीकडे सरसकट १.५ मीटर दाखवलं होतं आणि नगरपालिकेने त्यावर शिक्का मारला होता. म्हणजे कोपऱ्यापुरता अण्णांचा मुद्दा पूर्ण बरोबर होता.

दुसरी हद्द. ही तोंडाने ठरत नाही. मिळकत पत्रिका काढायची आणि भूमी अभिलेख कार्यालयाकडे मोजणीचा अर्ज करायचा. मोजणीची नोटीस लगतधारकाला जाते, त्याच्यासमोर मोजणी होते, हद्दीच्या खुणा दाखवल्या जातात. अब्बा आणि अण्णा दोघेही त्या दिवशी हजर राहिले. निघालं काय, तर जुनी तारच वाकडी होती. एका टोकाला ती आमच्या हद्दीत नऊ इंच आलेली आणि दुसऱ्या टोकाला त्यांच्या हद्दीत चार इंच गेलेली.

तिसरं पाणी. एखादी वहिवाट २० वर्षं उघडपणे, शांततेने, हक्काने आणि खंड न पडता चालू असेल तर भारतीय सुविधाधिकार अधिनियम १८८२ च्या कलम १५ प्रमाणे तो हक्क बनू शकतो. अण्णांच्या अंगणातलं पाणी तीसेक वर्षं आमच्याकडून जात होतं. त्यावर कोर्टात जाऊन वर्षं घालवायची, की भिंतीच्या तळाशी एक पाइप सोडायचा? पाइप कमी खर्चाचा आहे.

इथपर्यंत सगळं सोपं होतं. पण काम बंदच होतं, आणि का बंद आहे हे कुणी सांगत नव्हतं. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६ मध्ये हे स्पष्ट आहे. परवानगी नाकारायची तर कारण लिहून द्यावं लागतं. दिलेली परवानगी रद्द करायची किंवा बदलायची तर कलम ५१ आहे, आणि त्यात संबंधिताला म्हणणं मांडायची संधी द्यावी लागते. ‘तोंडी थांबवा’ अशी तरतूद त्या कायद्यात मला कुठे सापडली नाही. आम्ही दोन अर्ज दिले. एकात लेखी आदेश मागितला. दुसरा माहितीच्या अधिकाराखाली, १० रुपये शुल्क भरून, आमच्याच फाइलची पाहणी करण्यासाठी आणि प्रती मिळण्यासाठी.

फाइल हातात आली. तिच्यात अण्णांचा अर्ज होता, आमचा नकाशा होता, आणि टिपणीत एक शेरा होता. ‘विषय संवेदनशील आहे. पोलीस ठाण्याचा अभिप्राय घ्यावा.’

मित्रहो, माझ्या मते सगळ्या प्रकरणातला सगळ्यात गंभीर कागद हा होता. व्हॉट्सॲपवरच्या मेसेजपेक्षाही गंभीर. मेसेज लिहिणाऱ्याच्या हातात भिंत अडवायचा अधिकार नसतो. हा शेरा लिहिणाऱ्याकडे होता. अर्जात उंची होती, हद्द होती, पाणी होतं. हे तिन्ही तपासायला त्याच ऑफिसात अभियंता आहे. त्याला जागेवर पाठवलं असतं तर अर्ध्या दिवसाचं काम होतं. त्याऐवजी अर्जदाराचं नाव वाचलं, हरकतदाराचं नाव वाचलं, आणि फाइल पोलिसांकडे पाठवायचं ठरलं. दोन्ही नावं एकाच समाजाची असती तर हा शेरा पडला असता का?

संवेदनशील हा शब्द ऐकायला सभ्य आहे. तो लिहिणाऱ्याच्या मनात द्वेष असेलच असं नाही. बहुतेक वेळा भीती असते, आपल्या अंगावर काही यायला नको एवढीच. पण परिणाम काय होतो? ज्याला नियमाने भिंत घालता येते त्याला घालता येत नाही. ज्याची हरकत रास्त आहे त्याची हरकत तपासलीच जात नाही. नुकसान दोघांचंही होतं. आणि गल्लीला एक संदेश जातो की या भिंतीत खरंच काहीतरी आहे, नाहीतर पोलीस कशाला मध्ये आले असते?

ती प्रत घेऊन मी अण्णांकडे गेलो. त्यांना दाखवली. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचली. मग म्हणाले, “मी संवेदनशील कुठं लिहिलं? मी दीड मीटर लिहिलंय.” माझ्यापेक्षा ते जास्त चिडले होते. आपली हरकत आपल्या हातातून काढून घेऊन कुणीतरी वेगळ्याच कामाला लावली, असं त्यांना वाटलं. मग म्हणाले, “पण हरकत मी मागे घेणार नाही हां.” मी म्हटलं, “अण्णा, घेऊच नका. फक्त ती कशाला आहे तेवढं पुन्हा लिहून द्या.”

त्यांनी स्वतःच्या हाताने लिहून दिलं की माझी हरकत उंची, हद्द आणि पाणी या तीन मुद्द्यांपुरती आहे, अन्य कोणताही विषय माझ्या अर्जात नाही, आणि या तीन मुद्द्यांवर जागेची पाहणी करून निर्णय व्हावा. त्या पत्राची पोच घेतली. त्यानंतर फाइल पोलिसांकडे पाठवायला कारणच उरलं नाही. सुनावणी झाली, तीन मुद्दे एकामागून एक घेतले गेले, सुधारित नकाशा मंजूर झाला. कोपऱ्यापासून १० मीटर ०.७५ मीटरची भिंत आणि वर रेलिंग, पुढे १.५ मीटर, खाली पाण्याला पाइप, आणि मधली भिंत मोजणीच्या खुणांवर. अण्णांच्या गेटजवळचा शेवटचा थोडा भागही अब्बांनी रेलिंगचा केला. ते नियमात नव्हतं. ते दोघांच्या बोलण्यात ठरलं. भांडण लहान राहिलं की माणसाला नियमापेक्षा थोडं जास्त द्यायला जड जात नाही.

हे सांगितलं की लोक मला हमखास विचारतात, मग आता ईदला शिरखुर्मा जातो ना अण्णांकडे? जातो. पण अण्णांचा मुलगा अजून आमच्याशी फारसा बोलत नाही, हेही खरं आहे. आणि माझं म्हणणं असं की प्रश्न शिरखुर्म्याचा नाहीच. आपल्याकडे सलोखा म्हटलं की लगेच फराळाची ताटं आणि शिरखुर्म्याच्या वाट्या येतात. त्या चांगल्याच आहेत, चालू राहोत. पण ज्या शेजाऱ्याकडे माझ्या घरून काहीच जात नाही, जो मला आवडत नाही, ज्याला मी आवडत नाही, त्याच्याशीही माझं भांडण नियमानेच मिटलं पाहिजे. माझा हक्क त्याच्या प्रेमावर अवलंबून असेल तर तो हक्क कसला?

आता कुणी म्हणेल, हे आपल्याकडेच असं. कंपनीच्या कामासाठी मी काही काळ अमेरिकेत न्यू जर्सीमध्ये होतो. तिथेही घरासमोरच्या कुंपणावरून शेजारी भांडतात. उंची किती ते प्रत्येक गावाचे स्थानिक नियम ठरवतात. नियमापेक्षा जास्त हवं असेल तर बोर्डाकडून सूट मागावी लागते, आणि तिथल्या १९७५ च्या कायद्याप्रमाणे २०० फुटांच्या आतल्या मालमत्ताधारकांना सुनावणीच्या किमान १० दिवस आधी नोटीस द्यावी लागते. सुनावणी उघड असते. शेजारी समोर येऊन बोलतात. ही पद्धत मला चांगली वाटली. आपल्याकडे अण्णांना अर्जाचा पत्ता लागला तो पाया खोदायला सुरुवात झाल्यावर.

पण त्याच राज्यात बर्नार्ड्स टाउनशिप नावाचं गाव आहे. तिथल्या इस्लामिक सोसायटी ऑफ बास्किंग रिज या संस्थेने मशिदीसाठी परवानगी मागितली. ३९ सुनावण्या झाल्या आणि डिसेंबर २०१५ मध्ये अर्ज फेटाळला गेला. वादाचा एक मोठा मुद्दा पार्किंगचा होता. चर्चसारख्या प्रार्थनास्थळांना तीन जागांमागे एक गाडी असं गावाचं प्रमाण होतं. संस्थेने त्या हिशेबाने ५० गाड्यांची सोय दाखवली, बोर्डाने १०७ मागितल्या. प्रकरण फेडरल कोर्टात गेलं. २०१६ च्या अखेरीस कोर्टाने सांगितलं की मशिदीला वेगळं प्रमाण लावणं हा भेदभाव आहे. २०१७ मध्ये तडजोड झाली, त्यात ३२.५ लाख डॉलर द्यायचं ठरलं आणि मशिदीचा मार्ग मोकळा झाला. म्हणजे नोटीस आणि उघड सुनावणी असूनही टेप बदलता येतो. फरक एवढाच की तिथे ५० आणि १०७ हे दोन्ही आकडे कागदावर होते, म्हणून कोर्टात दाखवता आले. तोंडी आदेश कोर्टाला कसा दाखवणार?

म्हणून कार्यकर्त्यांनी काही गोष्टी अंगवळणी पाडून घ्याव्यात असं मला वाटतं. कुणी तोंडी थांबवलं तर नम्रपणे म्हणायचं, साहेब, लेखी द्या. प्रत्येक अर्जाची पोच घ्यायची, आवक क्रमांक लिहून ठेवायचा. हद्दीवर बोलायच्या आधी मोजणी करायची. पाठिंबा द्यायला कुणी आलं, आपल्यातलं असो की त्यांच्यातलं, तर त्याला पहिला प्रश्न विचारायचा, भिंतीची उंची किती आहे सांगा. ज्याला सांगता येत नाही त्याला चहा द्यायचा आणि निरोप द्यायचा.

समोरच्याचा हरकत घ्यायचा हक्क मान्य करायचा. हे आपल्यालाही लागू आहे. शेजारच्या मुस्लिमेतर घराने नियम मोडून भिंत घातली आणि आपण तक्रार केली, तर तीही तीन मोजता येण्यासारख्या मुद्द्यांची असली पाहिजे. त्यात जमात नको, समाज नको, भावना नको. आणि तडजोड होण्यासारखी असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या लोकअदालतीत दावा दाखल होण्याआधीही प्रकरण नेता येतं. तिथला निवाडा दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्यासारखाच बंधनकारक असतो.

शेवटी एक काम सुचवतो, कारण नुसतं भाषण ऐकून घरी जाण्यात अर्थ नाही. इथे वेगवेगळ्या तालुक्यांतून आलेले साथी आहेत. प्रत्येकाने आपापल्या नगरपालिकेत माहितीच्या अधिकाराखाली एक अर्ज द्यावा. त्यात दोनच प्रश्न. गेल्या तीन वर्षांत किती निवासी बांधकाम परवानग्यांच्या फाइलींवर पोलिसांचा अभिप्राय मागवला गेला? आणि तो कोणत्या नियमाखाली मागवला? ३० दिवसांत उत्तर द्यायचं त्यांच्यावर बंधन आहे. उत्तर शून्य आलं तर आनंदच आहे, तसं जाहीर सांगू. शून्य आलं नाही, तर त्या फाइलींवरची नावं आणि शेरे वाचू, आणि पुढच्या बैठकीत यावरच बोलू. अर्जाचा मसुदा मी मराठीत करून आणलाय, बाहेरच्या टेबलावर ठेवलाय. जाताना एकेक प्रत घेऊन जा.